फणीचे तेरा दिवस

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मी विषय विचारला. "आपल्या आवडीचा, पण विद्यार्थ्यांच्या जडणघडणीशी निगडित असावा," असे उत्तर आले. मी "उवा" असे सांगताच बैठकीत हशा पिकला आणि ही स्मरणिका पाहुण्यांच्याही हाती जाणार आहे, याची एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सौम्य शब्दांत आठवण करून दिली. त्यांचा आदर राखूनही मी विषय बदललेला नाही. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून सत्तावीस वर्षे काढल्यानंतर मला जे थोडेफार निश्चित सांगता येते, त्यात या विषयाचा क्रमांक बराच वर लागतो. शिवाय ज्या माजी विद्यार्थिनी हा लेख वाचतील, त्यांच्यापैकी बहुतेकींचे डोके कधी ना कधी माझ्या मांडीवर होते, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

जून महिन्यात शाळा उघडते. पहिली-दुसरीच्या मुली पत्र्याची पेटी आणि गोधडी घेऊन येतात. पहिले काही दिवस त्यांना घरची आठवण येते. रात्री त्या एकमेकींना बिलगून झोपतात, दिवसा एकाच पुस्तकात डोकी घालून चित्रे पाहतात. असे घडावे अशीच आपली इच्छा असते, कारण परकी मुले अशीच एकमेकांची होतात. आणि उवाही नेमक्या अशाच पसरतात. जुलैच्या मध्यापर्यंत प्रार्थनेच्या रांगेत हात वारंवार डोक्याकडे जाऊ लागले, की मी पाणी तापवायला सांगत असे.

या विषयाकडे मी इतक्या गंभीरपणे का पाहते, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला दुसऱ्या एका गावच्या वसतिगृहात ठेवले होते. त्या गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे महिन्यातून एकदा डोकी तपासत. मात्र तपासणी सर्वांची होत नसे; आमच्या वस्तीतून आलेल्या पाच जणींनाच अंगणात बोलावले जाई. "तुमच्याकडून येतात," एवढेच बाई म्हणत. एका शनिवारी माझ्या डोक्यात उवा सापडल्या आणि त्याच अंगणात, बाकीच्या मुली व्हरांड्यात उभ्या असताना, माझे केस कातरीने मुळाशी कापले गेले. आईने घरी करून दिलेल्या खोबरेल तेलाची बाटली माझ्या पेटीत अर्धी भरलेली होती. ती मी त्या रात्री मोरीत ओतून दिली. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी डोक्यावरचा रुमाल काढला नाही आणि दिवाळीला घरी आल्यावर परत गेले नाही. एक वर्ष वाया गेले. ज्या मुलीकडून मला उवा लागल्या असाव्यात ती माझी वर्गातली शेजारीण होती. तिचे डोके कोणी पाहिलेच नव्हते. पुढे बाल्यावस्थेतील आजारांविषयी मी जे काही वाचले, त्याचा आरंभ बहुधा त्या अंगणात झाला.

आता उवेविषयी. माणसाच्या डोक्यातील ऊ हा माणसावरच जगणारा कीटक आहे. कुत्र्या-मांजरांच्या अंगावरून ती येत नाही आणि त्यांच्याकडे जातही नाही. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर असते. तिला पंख नाहीत, त्यामुळे ती उडत नाही; मागचे पाय उडीसाठी बनलेले नाहीत, त्यामुळे ती पिसवेसारखी उडीही मारत नाही. तिच्या सहाही पायांच्या टोकाला आकडे असतात आणि त्यांची रचना केस पकडण्यासाठीच झालेली असते. ती एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. दोन डोकी टेकली, की तिचा रस्ता तयार होतो. दिवसातून अनेकदा ती डोक्याच्या त्वचेतून रक्त शोषते. रक्त मिळाले नाही तर ती फार काळ तग धरत नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ साधारणपणे एक-दोन दिवसांत मरते. या एका गोष्टीत पैसे वाचवण्याची मोठी किल्ली आहे, तिच्याकडे पुढे येते.

मादी रोज सहा ते दहा अंडी घालते. अंडे म्हणजे लीख. ती केसाच्या मुळाजवळ, त्वचेपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, एका चिकट द्रव्याने केसाला घट्ट चिकटवलेली असते. कोंडा फुंकरीने उडतो, लीख नखाने ओढल्याखेरीज सुटत नाही. सात ते दहा दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर पडते. ते पिल्लू वाढून स्वतः अंडी घालण्याजोगे व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. हे आकडे कृपया लक्षात ठेवावेत. सारा उपचार या आकड्यांवर उभा आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासून बोटभर दूर दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकाम्या टरफलांच्या असतात. आपल्या बायका नेमक्या त्याच, ठळक दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा काढत दुपार घालवतात आणि मुळाशी असलेली, केसाच्या रंगात मिसळून जाणारी जिवंत अंडी तशीच राहतात.

खाज ही उवेच्या चावण्याने नव्हे, तर तिच्या लाळेची शरीराला वावडे असल्याने येते. ज्या मुलीला आयुष्यात प्रथमच उवा होतात तिला खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. म्हणजे जी डोके खाजवते तिच्याकडूनच उवा पसरल्या, असे मानणे चुकीचे आहे. महिनाभर न खाजवता हिंडणारी तिची मैत्रीण त्याची वाहक असू शकते. केवळ खाजवणाऱ्यांना बाजूला काढून तपासणारी व्यवस्था म्हणूनच फसते. उवांमुळे रात्री झोप मोडते, नखांनी जखमा होतात, जखमांत पू होतो, मानेमागच्या गाठी सुजतात. परंतु डोक्यातील उवा रोग पसरवत नाहीत. टायफस ज्यांच्यामुळे पसरतो त्या उवा वेगळ्या. त्या कपड्यांच्या शिवणीत राहतात.

आणि अस्वच्छतेचे काय? हा प्रश्न आपल्या समाजात हळवा आहे, आणि त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना स्वच्छतेचा आणि मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरायला सांगितले. आपल्या आज्यांनी तो उपदेश अक्षरशः पाळला. घासलेली भांडी आणि सारवलेली अंगणे त्याची साक्ष होती. म्हणूनच नातीच्या डोक्यात ऊ दिसली की आजीला आपला पराभव झाल्यासारखे वाटते आणि ती गोष्ट लपवली जाते. म्हणून स्पष्ट लिहिते. ऊ स्वच्छ आणि अस्वच्छ केसांत भेद करीत नाही. रोज न्हाणाऱ्या मुलीलाही ती होते. पाण्याने ती मरत नाही. पाण्याखाली ती काही तास जिवंत राहू शकते, तेव्हा दोन तांबे जास्त ओतून ती वाहून जाणार नाही. केस आखूड असल्यानेही ती टळत नाही, कारण ती मुळाशी राहते. श्रीमंत देशांतील महागड्या शाळांतही उवा होतात. दारिद्र्याचा संबंध आहे तो एवढाच, की जागा अपुरी असली तर डोकी जवळ येतात आणि पैसा अपुरा असला तर माणूस घातक उपाय करतो.

त्या घातक उपायांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ अमाप. फळ खाल्ल्यावर बिया वाळवून, कुटून, तेलात कालवून डोक्याला लावण्याची रीत घरोघरी होती आणि काही ठिकाणी अजून आहे. त्याने उवा मरतात, हे खरे. परंतु त्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. दिवाळीच्या सुटीनंतर दुसरीतील एक मुलगी डोळ्यांना ओला फडका बांधून आली होती. आजीने रविवारी डोके माखले होते आणि पोरीने त्याच हातांनी डोळे चोळले होते. उजेड तिला सहन होत नव्हता. तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे नेले, औषध घातले, आठवड्याने डोळे निवळले. आजी मला पुन्हापुन्हा विचारत होत्या, "बाई, आम्ही तर लहानपणापासून हेच लावत आलो की?" त्यांचे खोटे नव्हते. ज्यांच्या डोळ्यांत पूड गेली नाही त्यांना ती कधी बाधली नाही, इतकेच.

रॉकेलचीही तीच कथा. ते लावलेले डोके चुलीजवळ किंवा दिव्याजवळ गेले तर पेट घेऊ शकते. त्वचा भाजल्यासारखी सोलते. आणि लहान मुलाच्या तोंडातून ते चुकून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. डांबरगोळ्या कुटून केसांत घालणाऱ्या माता मी पाहिल्या आहेत. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची कमतरता असते. अशा मुलांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात आणि त्यांना कावीळ व तीव्र रक्तक्षय होतो. सर्वांत भयंकर म्हणजे कपाशीवर फवारायचे औषध. बाटलीच्या तळाशी उरलेले थेंबभर औषध पाण्यात मिसळून डोक्याला लावले जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात याच प्रकारच्या फवारणीत शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. जे विष धडधाकट माणसाच्या कातडीतून आत शिरते ते सहा वर्षांच्या मुलीच्या ओरखडलेल्या डोक्यावर घालायचे नसते. ढेकूण-झुरळांचे फवारे आणि खडूही याच वर्गातले. स्वस्त उपायांची मी पक्षपाती आहे, पण यांना मी स्वस्त म्हणत नाही. इस्पितळाचे बिल जोडले की हिशेब उलटा होतो.

खरा स्वस्त उपाय आपल्या घरात पूर्वीपासून आहे, त्याचे नाव फणी. आठवडी बाजारात सुया-पोत-बिब्बे विकायला बसणाऱ्या बायकांकडे दोन्ही बाजूंना दात असलेली लाकडी फणी मिळत असे, ती अनेकांना आठवत असेल. इस्रायलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या अवशेषांत २०१६ साली हस्तिदंताची एक फणी सापडली. ती सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची आहे, आणि आपल्या फणीसारखेच तिच्या एका बाजूला गुंता सोडवण्याचे जाड दात, तर दुसऱ्या बाजूला बारीक दात आहेत. त्या फणीवर कोरलेली सूक्ष्म अक्षरे २०२२ मध्ये वाचण्यात आली. या हस्तिदंताने केसांतील आणि दाढीतील उवा निघून जावोत, अशा आशयाची ती इच्छा आहे. वर्णमालेत लिहिलेले आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते. शाळेत अक्षरे गिरवणाऱ्या मुलींना मी हे सांगत असे तेव्हा त्यांना फार आनंद होई.

फणी मात्र योग्य रीतीने आणि योग्य दिवशी फिरली पाहिजे. कोरड्या केसांत उवा चपळपणे पळतात. केस ओले असून त्यांत भरपूर तेल किंवा कंडिशनर असेल तर त्या काही काळ जागच्या जागी सुन्न होतात आणि फणीही अडकत नाही. म्हणून प्रथम केस धुवावेत, मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढावा, मग खोबरेल तेल अथवा कंडिशनर मुळांपासून टोकांपर्यंत चोळावे. तेलाने उवा खात्रीने मरतात असे समजू नये. तेलाचे काम त्यांना थांबवण्याचे आहे, काढण्याचे काम फणीचे. तेल कडुनिंबाचे असो वा करंजाचे, हे तितकेच लागू आहे. केसांचे लहान लहान भाग करून फणी त्वचेला टेकवावी आणि टोकापर्यंत एका ओढीत आणावी. प्रत्येक ओढीनंतर ती पांढऱ्या फडक्यावर पुसावी, म्हणजे काय निघाले ते दिसते. कानांच्या मागे आणि मानेच्या वर विशेष लक्ष द्यावे. लांब, दाट केसांना अर्धा तास लागतो. हे काम व्हरांड्यात, भर उजेडात करावे; चाळीस वॅटच्या बल्बखाली ऊ दिसत नाही, फक्त चिडचिड होते.

आता दिवसांचा हिशेब. पहिल्या दिवशी चालत्या-फिरत्या सर्व उवा निघाल्या असे धरले, तरी अंडी राहतात. ती पुढील सात ते दहा दिवसांत फुटत जातात. पाचव्या दिवशी फणी फिरवली की तोवर जन्मलेली पिल्ले निघतात, नवव्या दिवशी त्यानंतरची, तेराव्या दिवशी उरलेली आणि नजरेतून सुटलेली. पिल्लाला अंडी घालण्याइतके मोठे व्हायला किमान नऊ दिवस हवेत, आणि आपण दर चार दिवसांनी येत असल्याने ते वय त्याला गाठताच येत नाही. पहिला दिवस रविवार धरला तर पुढचे दिवस गुरुवार, सोमवार आणि शुक्रवार. हे चार वार मी फळ्यावर खडूने लिहून ठेवत असे. चौथीच्या मुलींना यातून वेळेच्या गणिताचा एक चांगला पाठ मिळे. सतराव्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, फक्त तपासणी करायची; एक जरी जिवंत ऊ दिसली तर तो पुन्हा पहिला दिवस. बहुतेक घरांत पहिल्या दोन फेऱ्या उत्साहाने होतात, खाज कमी होते आणि तिसरी फेरी राहून जाते. उवा परत आल्या, असे मग म्हणतात. वास्तविक त्या गेलेल्याच नसतात.

हे म्हाताऱ्या अधीक्षिकेचे वेड आहे असे कोणी समजू नये, म्हणून सांगते. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओल्या केसांत ठरावीक दिवशी फणी फिरवलेल्या मुलांपैकी ५७ टक्के उवामुक्त झाली, तर दुकानात मिळणारे औषध लावलेल्यांपैकी १३ टक्के. सत्तावन्न म्हणजे शंभर नव्हे, हेही प्रामाणिकपणे मानले पाहिजे. फणी हात दुखवते, आणि दुखणारा हात कामचुकारपणा करतो.

वसतिगृहात चौसष्ट मुली असताना प्रत्येकीला अर्धा तास म्हणजे बत्तीस तास. ते एकट्या अधीक्षिकेला शक्य नाही. म्हणून चार-चार मुलींचे सोळा गट केले, प्रत्येक गटात एक आठवी-नववीची मुलगी, बाकीच्या लहान. प्रत्येक गटाला दोन फण्या: एक हातात, तर दुसरी, हात बुडवता येणार नाही इतक्या कढत पाण्यात दहा मिनिटे. अशा रीतीने दोन तासांत सारे वसतिगृह पार पडे. मोठ्या मुलीचे डोके दुसऱ्या गटातील मोठी मुलगी पाही. फण्यांच्या बाबतीत आम्ही पहिल्या वर्षी पैसे वाचवायला गेलो आणि चुकलो. दहा-पंधरा रुपयांच्या प्लास्टिकच्या फण्यांचे दात कढत पाण्यात दोनदा बुडताच फाकले आणि त्यांतून पिल्ले निसटू लागली. दोन दातांतील फट पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. धातूची फणी काही पट महाग पडते, पण ती दहा वर्षे टिकते. आमच्या काही त्याहून अधिक टिकल्या. दरडोई वर्षाचा खर्च काढला तर तो एका वहीच्या किमतीपेक्षा कमी भरतो.

सर्वांची डोकी, अगदी माझे आणि स्वयंपाकीण मावशींचेही, त्याच व्हरांड्यात तपासली जात. ही माझी एकमेव अट होती आणि तिच्यात मी कधी सूट दिली नाही. पहिली पाळी माझी असे.

औषधांना माझा विरोध नाही. केस फारच दाट असतील, जखमा झाल्या असतील किंवा फणीने यश येत नसेल तर एक टक्का परमेथ्रिन असलेले लोशन औषधाच्या दुकानात मिळते. ते धुऊन टिपलेल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुवायचे असते. त्याने सगळी अंडी मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवशी ते पुन्हा लावावे लागते. अर्धी बाटली पुढल्या वर्षासाठी राखून ठेवणारे पालक पैसे वाचवत नाहीत, पहिल्या अर्ध्या बाटलीचेही घालवतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ते लावू नये. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसली त्यांनाच औषध, बाकीच्यांना केवळ तपासणी, हा नियम पाळला की चौसष्ट बाटल्यांऐवजी दहा-बारांत भागते. काही देशांत उवा या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत. दोन वेळा लावूनही उवा चालताना दिसल्या तर तेच औषध तिसऱ्यांदा न लावता डॉक्टरांना विचारावे. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आहेत, पण त्या वजनावर ठरतात आणि पंधरा किलोच्या आतील मुलांना देत नाहीत, तेव्हा त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. पूर्वी सर्रास मिळणारे गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइडचे लोशन कोणाच्या कपाटात उरले असेल तर टाकून द्यावे. त्याने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

अंथरुणांवर फार खर्च करू नये. डोक्यावेगळी ऊ दोन दिवसांत मरते, हे वर सांगितलेच. गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, चादरी, रुमाल, टोप्या कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्या की पुरे. गाद्या जाळणे, खोल्यांत विषारी फवारणी करणे, पत्र्याच्या पेट्या धुपवणे, हे सारे मी सुरुवातीच्या काळात केले आहे आणि ते पैसे व्यर्थ गेले, हे कबूल करते. रिबिनी आणि कंगवे मात्र प्रत्येकीचे स्वतंत्र असावेत.

एका संध्याकाळी वंदना झाल्यावर तिसरीतील एका मुलीने मला विचारले, "ताई, आपण रोज म्हणतो प्राण्याला मारायचं नाही. मग उवा का मारतो?" तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती, तिच्या मानेवर खाजवून झालेला ओला फोड होता. मी त्या फोडाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ही पण जीवच आहे ना?" मुलगी गप्प झाली, पण तिचे समाधान झाले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पुढे भन्तेजी आले तेव्हा मी त्यांना तोच प्रश्न विचारला. ते हसले आणि म्हणाले, उवा न होऊ देण्याची काळजी घेतली तर प्रश्न बराच लहान होतो. त्या वर्षापासून मुलींच्या वेण्या घट्ट घालण्याकडे आणि दर पंधरवड्याच्या तपासणीकडे मी अधिक लक्ष देऊ लागले. मूळ प्रश्नाचे पूर्ण उत्तर मात्र माझ्यापाशी नाही.

पालकांना एक विनंती आहे. दिवाळीनंतर आपल्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोपीत सहा-सात माणसे एका अंथरुणावर झोपतात आणि सुटीत मुलगी तेथे गेली की डोक्यात उवा घेऊन परतते. यात लाजण्यासारखे काही नाही आणि कोणाला दोष देण्यासारखेही नाही. मुलीला शाळेत सोडायला आलात की फाटकावरच सांगावे. लपवलेली ऊ चार आठवड्यांत सोळाही गटांत पोचते. घरी उपचार करायचा असेल तर घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, आई-आजींची आधी; मुलीला स्वच्छ करून पुन्हा आजीच्या कुशीत झोपवण्यात अर्थ नाही. आणि कृपा करून केस कापू नयेत. मुलीने स्वतः मागितले तर गोष्ट वेगळी.

माजी विद्यार्थी संघ दरवर्षी शाळेला भेटवस्तू देतो. पंखे मिळाले, पाण्याची टाकी मिळाली, भिंतीवरची घड्याळे तर इतकी मिळाली की चार अजून खोक्यांत आहेत. फण्या आजवर कोणी दिल्या नाहीत. फणीवर दात्याचे नाव रंगवता येत नाही, हे त्याचे कारण असावे. सध्याच्या अधीक्षिका ताईंकडून कळले की बत्तीसपैकी एकोणीस फण्या चांगल्या आहेत. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता व्हरांड्यात पहिला दिवस सुरू होईल. जवळपास राहणाऱ्या माजी विद्यार्थिनींनी जमल्यास यावे. येताना एक जुने पांढरे फडके आणावे, आणि स्वतःचे केस मोकळे सोडून येण्याची तयारी ठेवावी.